पातेल्यातल्या एकवीसशे कॅलरी

सर्जननी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "हा आकडा खरा आहे का?"

मी हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ; आकडा माझा होता. दिवसाला एकवीसशे कॅलरी. पेशंट संगीता, वय एकतीस, दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. टायफॉइडमध्ये तिच्या आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन करून आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढलं होतं आणि त्याला पिशवी लावली होती. वजन बेचाळीस किलोच्या वर गेलं की दुसरं ऑपरेशन करायचं, आतडं आत घालायचं आणि पिशवी काढायची, असं ठरलं होतं. पण वजन वाढायच्या ऐवजी महिन्याभरात दीड किलो उतरून छत्तीसवर आलं होतं.

"आकडा खरा असेल," सर्जन म्हणाले, "तर खाल्लेलं अंगी का लागत नाही ते मला पोट पुन्हा उघडून बघावं लागेल. अशा वजनावर ते किती धोक्याचं आहे, तुम्हाला माहीत आहे. सोमवारी सांगा."

मोबाइलवर कॅलरी मोजायची अ‍ॅप्स यायला तेव्हा बरीच वर्षं होती. नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्यात आहाराचं एक सॉफ्टवेअर होतं. आमटीत डाळ किती, तेल किती, दाण्याचं कूट किती, ते भरायचं. शेवटी माणसं किती ते टाकायचं. कॉम्प्युटर भागाकार करून एका माणसाच्या कॅलरी द्यायचा. मला त्याचा फार अभिमान होता. घरच्या स्वयंपाकाचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत येतो म्हणजे काय!

संगीताचा नवरा प्रकाश द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवायचा. मी दिलेल्या वाटी-चमच्याने घरात काय शिजलं त्याची तो रोज वही लिहायचा. त्या दिवशी तो तिला तपासणीला घेऊन आला होता. सर्जन गेल्यावर मी त्याला बोलावलं आणि ओपीडीतल्या चार माणसांसमोर विचारलं, "वहीत मनाचं काही लिहीत नाही ना?"

त्याने वही मिटली. "मॅडम, मी ही वही तिच्यासाठी लिहितो, तुमच्यासाठी नाय."

तरी मी विश्वास ठेवला नाही. त्या रविवारी काटा पिशवीत घालून एसटीने त्यांच्या गावी गेले.

घरात सहा माणसं. स्वयंपाक संगीताची सासू करायची. त्यांना मी मावशी म्हणू लागले. चुलीपाशी पाट टाकून बसले आणि जे जे पातेल्यात पडत होतं ते आधी काट्यावर घ्यायला लावलं. मावशींनी जराही कुरकुर केली नाही. डाळ, तेल, कूट, भाकरीचं पीठ, सगळं वहीशी जुळलं, अगदी चमच्याला चमचा. प्रकाशकडे बघायची मला सोय राहिली नाही. त्याहून वाईट म्हणजे आता आकडा खरा ठरत होता, आणि आकडा खरा म्हणजे त्या बाईच्या पोटावर पुन्हा सुरी.

मग पानं घेतली. सगळ्यांना वाढून झाल्यावर मावशींनी संगीताची वाटी घेतली. पळीच्या पाठीने आमटीवरची तेलाची तर्री हलकेच बाजूला सारली. तळ न ढवळता मधलं पातळ तेवढं पळीत घेतलं. भाकरीचा वरचा पापुद्रा सोडवून तिच्या ताटात ठेवला आणि जाड भाग प्रकाशच्या ताटात टाकला. हे सगळं इतक्या सवयीने चाललं होतं की घरात कोणी मान वर करून पाहिलंही नाही.

मी संगीताची वाटी मागून घेतली आणि चहाच्या गाळणीत ओतली. गाळणीत जेमतेम दोन चमचे डाळ राहिली. मग पातेलं तळापासून ढवळून तेवढीच वाटी पुन्हा ओतली. आता गाळणी भरली.

"मावशी, तिला असं वाढता? रोज?"

मावशी उठल्या. डब्यातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. पहिल्या डिस्चार्जचा आहाराचा कागद. 'हलका आहार. तेलकट नको.' अक्षर माझं, खाली सही माझी. तो पहिल्या पंधरा दिवसांपुरता होता, पण तसं त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे मी प्रकाशला सांगितलं होतं की आता तेल, दाणे वाढवा. त्याने घरी निरोप दिला. मावशींनी पातेल्यात तेल वाढवलं, कूट वाढवलं, आणि कागदात होतं म्हणून सुनेला वाढताना ते सगळं बाजूला सारलं. त्या माऊलीने माझ्या दोन्ही सूचना तंतोतंत पाळल्या होत्या.

मी संगीताला विचारलं, "भूक लागत नव्हती का तुला?"

"लागायची ना ताई. पण आत्याबाई माझं एवढं करत्यात. मागायचं कसं?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी मीच उपाशी ठेवली हिला?"

"तुम्ही नाही, मावशी. मी ठेवली," मी म्हणाले. इतकी लाज नोकरीत मला पूर्वी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. निघताना मी प्रकाशची माफी मागितली. तो म्हणाला, "चला, स्टँडवर सोडतो." बस येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

सोमवारी सर्जनना सांगितलं, आकडा चुकला.

"कितीने?"

"जवळजवळ निम्म्याने. एकवीसशे पातेल्यात होत्या. तिच्या ताटात अकराशेसुद्धा नव्हत्या."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "पोट उघडल्यावर सांगितलं असतंत तर?"

वजन हळूहळू चढलं. साडेतीन महिन्यांनी बेचाळीसचा काटा ओलांडला, ऑपरेशन झालं, पिशवी गेली. डिस्चार्जच्या दिवशी मी नवा कागद लिहायला घेतला. पहिले काही दिवस पुन्हा हलकंच द्यायचं होतं. मावशी टेबलाला धरून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी माझ्या पेनावरची नजर त्यांनी हलवली नाही. मी लिहून कागद पुढे केला, तर त्यांनी तो घेतलाच नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे कुठवर, ते बी लिवा."

मी तारीख घातली. त्यांनी प्रकाशकडून ती दोनदा वाचून घेतली आणि मगच कागदाची घडी केली.