मायच्या कानातला आवाज

आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालेला. छप्पन साली दीक्षा घेऊन आम्ही घरचे देव नदीत सोडले, तिथं भुताखेतांना कोण विचारतो! तरी हे लिहितोय... लिहिताना तीनदा उठलो, पुन्हा बसलो.

सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. आम्ही अकोल्यात राहायचो, बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. एक दिवस चहा पिता पिता त्यांच्या उजव्या हातातली बशी पडली, बोलणं थांबलं. दहा मिनिटांत सगळं ठीक! पण अमरावतीच्या सर्जननी मानेला डावीकडं स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "इथं रक्ताचा आवाज येतोय. नस अरुंद झालीय. साफ केली नाही तर लकवा होईल... साफ करतानाही होऊ शकतो." विलायतेत शिकून आलेले. असलं ऑपरेशन आमच्या भागात कोणी ऐकलंही नव्हतं.

मी हादरलो ते वेगळ्याच कारणानं. माय सहा महिन्यांपासून हेच सांगत होती — "तुह्या बाबाच्या मानेत सूंऽ सूंऽ करून राहिलं रे. दूर वावरात निंदाले गेली तरी मले ऐकू येते." मी तिला झापायचो.

ऑपरेशनला मी बाबांसोबत अमरावतीला गेलो, माय अकोल्यातच. निघताना बहिणीला, शांताला, म्हणालो, "हिला काही ऐकू आलं की घड्याळ पाहून लिही. आलो की तिचं खोटं उघडं पाडतो."

फक्त मान बधिर केली होती, मेंदूला रक्त पोचतंय का कळावं म्हणून बाबांना सारखं बोलतं ठेवलं. निभावलं! डॉक्टरांनी खुशीत मला कागद दाखवला — नस बांधली अकरा दहाला, सोडली अकरा चौतीसला.

घरी आलो तर शांतानं वही पुढं केली. "भाऊ, माय चुलीपाशी होती. एकदम म्हणे 'थांबलं!' अन् घामाघूम. मंग म्हणे, 'आता साफ वाहून राहिलं.'"

शेजारी वेळा. ११.१०. ११.३४.

मी ते पान फाडलं. डॉक्टरांना सांगितलं नाही, मित्रांना नाही. वस्तीत अंगात येणाऱ्यांविरुद्ध मीच भाषणं ठोकायचो... कोणत्या तोंडानं सांगणार?

दोन महिन्यांनी माय म्हणाली, "आता उजव्या बाजूनं सुरू झालं. दवाखान्यात ने त्याईले."

"मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी तपासलं ना? बस झालं तुझं."

"हव बाप्पा, तू शिकलेला हायेस."

नवव्या दिवशी बाबांचं डावं अंग गेलं. या खेपेला उजवी नस. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही जाणवलं होतं?" मी म्हणालो, "नाही." माय तिथंच उभी होती.

बाबा चार वर्षं खाटेवर होते. अमरावतीतल्या माणसाचं रक्त अकोल्यात चुलीपाशी कसं ऐकू येतं... पुस्तकं चाळली, डॉक्टर मित्रांना आडून आडून विचारलं.

माय त्यावर एकदाच बोलली. बाबांचा डावा हात चोळता चोळता, माझ्याकडं न बघता —

"डॉक्टरले सांगाले काहून लाजला रे? मी का देव म्हटला होता? आवाज म्हटला होता."