मिशी गेली आणि सोयरीक अडली

माझ्या धाकट्या भावाला चेहरे लक्षात राहत नाहीत. नजर उत्तम आहे. शहाद्याच्या दुकानात तो ठिबकच्या नळ्या विकतो आणि कुठल्या नळीचं छिद्र बुजलंय ते लांबून सांगतो. पण समोरचा चेहरा नजरेआड झाला की पुसला जातो. चेहरे ओळखण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, तो काही जणांच्या बाबतीत जन्मापासून कामावर येतच नाही. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. घरी सांगितलं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. आमच्याकडे या प्रकाराला आधीपासून नाव होतं: माज.

कारण आमच्या भागात माणसाची किंमत त्याला किती जण ओळखतात यावर ठरते. लग्नात दूरचा एखादा मामा समोर उभा राहून विचारतो, "वयखं का माले?" ओळखण्यात चूक झाली तर तो जेवणावरून उठायला तयार. भावाने आपल्यापुरती सोय करून घेतली होती. तो माणसं चालीवरून, आवाजावरून, मोटारसायकलवरून ओळखायचा. वडिलांना टोपीवरून.

गेल्या हिवाळ्यात त्याची सोयरीक ठरली. मुलगी तापीकाठच्या गावची. ती आपल्याला फार आवडली, हे त्याने चक्क बोलून दाखवलं. मुलीचे काका समाजाचे अध्यक्ष. चौकाचौकात त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. वाढदिवस सरला तरी फ्लेक्स उतरत नाहीत, त्यामुळे ते बारमाही जन्मत असतात. त्यांची मिशी भरघोस, पीळदार. भावाने ती पाठ करून ठेवली.

साखरपुड्याआधी त्यांच्या भाऊबंदांतल्या एक म्हाताऱ्या काकू वारल्या. दशक्रियेनंतर वडील, भाऊ आणि मी भेटायला गेलो. अंगणात सगळे पुरुष रीतीप्रमाणे डोकं आणि मिशी उतरवून, पांढऱ्या कपड्यांत रांगेने बसलेले. मलाही ओळख पटायला वेळ लागला. भावाला तर एकच माणूस पुन्हा पुन्हा बसवल्यासारखा दिसला असणार. तो एका तुळतुळीत गृहस्थाशेजारी बसला आणि अदबीने, शाळेतल्या मराठीत म्हणाला, "अध्यक्षसाहेब आले नाहीत का? घरातलं मरण, यायला हवं होतं."

ते गृहस्थच अध्यक्षसाहेब होते.

"समोर बठेल माणूस दखास नही का तुले?" पलीकडून कोणीतरी म्हणालं. काका उठून आत गेले. संध्याकाळी निरोप आला: विचार करून कळवतो. आमच्याकडे हा नकारच असतो. भाऊ त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो आणि काकांना मेंदूची गोष्ट समजावून सांगितली.

"म्हणजे पोऱ्या डोकानी अधू शे?"

"नाही काका. एवढं एकच काम जमत नाही."

"मंग माज शे." त्यांच्याकडे दोनच कप्पे होते. मग म्हणाले, "मन्हा फ्लेक्सबी वयखत नही?"

"नाव वाचून ओळखतो."

याने ते खरे दुखावले.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. "दादा, त्यांना फोन लावा," ती मला म्हणाली. मी लावला आणि स्पीकर सुरू केला.

"माझा चेहरा आठवतो का?"

"नाही," भाऊ म्हणाला. खोटं बोलायला यापेक्षा चांगली वेळ त्याला मिळाली नसती.

"मग बाजारात मला कसं ओळखाल?"

"बोललात की लगेच. नाहीतर चालण्यावरून. उजवा पाय जरा आत टाकता."

काकांनी चटकन तिच्या पायाकडे पाहिलं. तो पाय दिसू नये म्हणूनच बघण्याच्या दिवशी तिला आधीपासून सतरंजीवर बसवून ठेवलं होतं. पण चहाचे कप न्यायला ती उठली होती, आणि आम्ही सगळे तिचा चेहरा बघत होतो.

"काका," ती म्हणाली, "आपण माझा पाय सांगितला नाही. हे दादा त्यांचा मेंदू सांगायला घरी आले. मला हे स्थळ चालेल."

काका बराच वेळ मिशीच्या रिकाम्या जागेवर हात फिरवत राहिले.

सुतक फिटल्यावर साखरपुडा झाला. काकांनी माइक हातात घेतला. "आमचे जावई साधे नाहीत. असा मेंदू लाखात एखाद्याचा." आकडा त्यांचा स्वतःचा होता. टाळ्या पडल्या. अधूपणा आणि माज यांच्या शेजारी तिसरा कप्पा तयार झाला: आमच्या घराण्याला शोभेल असं काहीतरी.

मग पाहुणे रांगेने भेटायला येऊ लागले. नवरी मान खाली घालून भावाला हळूच सांगत होती, ही मोठी आत्या, हे नवापूरचे मेहुणे. बायका म्हणाल्या, किती लाजते. एका जाडजूड पाहुण्याच्या वेळी ती काहीच बोलली नाही. भावाने तिच्याकडे पाहिलं.

"यांना राहू द्या. ओळखलं नाही तरी चालेल," ती म्हणाली.