हौदातले दगड

निजामाच्या शेवटच्या दिवसांत कंधारच्या दवाखान्याच्या ओसरीवर माशांचा काचेचा हौद होता. भाचीच्या डोळ्यांत औषध घालून आणायला मी रोज जायची, तेव्हा हौद सांभाळणारा म्हातारा चपराशी दिसायचा. पाण्यात हात घालण्याआधी तो हात सदऱ्याला तीनदा पुसायचा.

एका माशाला बाकीच्यांनी चावून चावून अर्धमेलं केलं होतं. त्याला म्हाताऱ्यानं आठवडाभर घागरीत ठेवून बरं केलं. परत सोडायच्या दिवशी मात्र त्यानं आधी हौदातला दगडन् दगड जागचा हलवला.

"हे कशाला, चाचा?" मी विचारलं.

"नुस्ता सोडला तर पुन्हा मारतेत, बेटी. समद्यांनी जागा वाटून घेतलेल्या असतेत. समद्यांचंच घर नवं झालं, की ह्यो एकलाच परका राहत न्हाई."

मासा आत गेला. खरंच त्याला कुणी चावलं नाही.

भाचीचं बोट धरून मी घरी आले. विधवा होऊन भावाकडे परतले त्याला चार महिने झाले होते. माझी वळकटी अजून दाराशीच, चपलांजवळ होती. त्या घरातलं काहीच माझ्यासाठी जागचं हललं नव्हतं.