बाजाराला जाणारी टर्बो

माझ्या गाडीला अजून सुकटीचा वास येतो. नवा माणूस बसला की आधी नाक आक्रसतो, मग हळूच काच खाली करतो आणि आमच्या किनाऱ्यावरची हवा किती मोकळी आहे यावर दोन शब्द बोलतो. ज्याला सुकटीचा वास कळत नाही त्याला कारण सांगून तरी काय उपयोग.

गाडी जपानी, बुटकी आणि आखूड. इंजिनाला टर्बो, चारही चाकांना जोर. वापीला ज्या रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करते, तिथले एक साहेब परदेशी निघाले आणि त्यांना ती विकून टाकायची होती. मी वर्षभर त्यांच्या पार्किंगकडे मांजरीनं मासळीकडे पाहावं तशी पाहत होते. त्यांनी विचारलं, कोणी घेणारा आहे का? मी म्हटलं, आहे की, तुमच्यासमोर उभी आहे. त्यांना ती थट्टा वाटली. बाईनं, त्यातून झाईसारख्या कोळीवस्तीतून रोज बस नि रिक्षा बदलत येणाऱ्या बाईनं असली गाडी घ्यावी, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. बँकेचं काम होऊन चावी माझ्या हातात आली तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

घरी आणली तेव्हा आई अंगणात जवळा पसरत होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाली, "पोट घासेल हिचं."

मी म्हटलं, "सावकाश नेईन."

"सावकाशच न्यायची तर ही कशाला घेतलीस? एवढ्या पैशात टेम्पो आला असता."

आमच्याकडे हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण ते लग्नकार्यात. एकटी बाई स्वतःसाठी हौस करते तेव्हा तिला थेर म्हणतात. आईनं पुढची कितीतरी वर्षं माझ्या गाडीला थेरच म्हटलं. तेही पाहुण्यांसमोर, चहा देता देता.

पण ती चालायची कशी, ते मी कोणाला सांगू? पाय दाबला की आधी काहीच होत नाही. गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी वाटते. मग टर्बो जागा होतो, एक बारीक शीळ ऐकू येते आणि पाठ सीटला चिकटते. बोर्डीच्या पुढे वाड्यांमधून जाणारा रस्ता वळणावळणाचा. पावसाळ्यात त्यावर चिखल आणि पाला. बाकीच्या गाड्या तिथे जपून जातात. माझी चारही चाकांनी रस्ता धरून जायची, वळणाला जराही बाहेर न सरकता. कारखान्यातला दिवस कितीही वाईट गेला असला तरी घरी पोचेपर्यंत माझा राग उतरलेला असायचा. इतकं निर्भेळ सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे मी आज न लाजता सांगते.

आईचा धंदा सुक्या मासळीचा. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायचे, अंगणात जवळा आणि मांदेली वाळवायची, आणि आठवडे बाजाराला तलासरीत नेऊन विकायची. हे तिच्या सासूपासून चालत आलेलं. पाड्यापाड्यांवरून माणसं पायी, जीपनं यायची. पावसाळ्याआधी घरात सुकट भरून ठेवणारी गिऱ्हाइकं तिची ठरलेली होती. ती त्यांच्याशी मराठीत सुरुवात करायची, भाव करताना गुजरातीत शिरायची आणि भांडताना परत मराठीत यायची. बाजारात तिची जागा चिंचेच्या झाडाखाली, अगदी तोंडाशी. तिच्या बाजूला उन्हात एक वारली बाई भाजी घेऊन बसायची. मी शाळेत असल्यापासून ती तिथेच, आणि तशीच उन्हात. सावली कुठपर्यंत येते हे आईनं तिला टोपलीच्या कडेनं दाखवून ठेवलं होतं. दोघी एकमेकींचा माल राखायच्या, एकमेकींच्या भाकरीतली भाकरी खायच्या, पण सावलीची हद्द कोणी ओलांडली नाही.

मग आई वलांडीखाली घसरली आणि तिचा एक गुडघा कायमचा दुखावला. सगळ्या बायका ज्या टेम्पोत मागून चढून जात, त्यात चढणं तिला जमेना. दोन-तीन बाजार गेले तशी ती घरात कोंडलेल्या कोंबडीसारखी चिडचिड करू लागली. शेवटी एका सकाळी मी उठले तर गाडीच्या मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलेलं आणि त्यावर बोंबलांच्या टोपल्या.

"ही माझी गाडी आहे, आई."

"मग मी कुठं माझी म्हटली? चल, उशीर होतोय."

जवळ्याची टोपली तिनं पुढच्या सीटवर ठेवली, कारण जवळा दबला की चुरा होतो. स्वतः मागे बोंबलांच्या मध्ये बसली. गाडी सुरू केली तशी ती पीं पीं करायला लागली. पुढच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही, म्हणून. मी टोपलीला पट्टा बांधला. आई म्हणाली, "माझ्यापेक्षा जवळ्याची काळजी हाय हिला."

मी त्या दिवशी फार चिडले होते. वास जाणार नाही, कापडाच्या सीटा आहेत, साहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील, माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. आईचं उत्तर एकच: "पुढं टेम्पो हाय." म्हणजे त्याला मागे टाक. बायकांचा टेम्पो मागे पडला तेव्हा तिनं त्यांना हात केला नाही, फक्त पदर सारखा केला.

त्यानंतर बाजाराचा दिवस माझ्या सुट्टीचा ठरून गेला. पहाटे निघायचं, वाटेत गुजरातची हद्द लागते आणि पाटी वाचून होईपर्यंत संपते, मग महामार्ग ओलांडून तलासरी. पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, टर्बोला जरा निवू द्यायचं. तेवढ्या वेळात आई गाडीतच बसून केस नीट करायची, बांगड्या मागे सारायची आणि गल्ल्याची पिशवी कमरेला खोचायची. "तिचा दम खाऊन होऊ दे," म्हणायची. खरं तर दम ती स्वतः खायची. बाजारातली पोरंटोरं गाडीभोवती जमायची, आणि तिच्यातून लुगड्याचा कासोटा घातलेली म्हातारी उतरून टोपली उचलायची. तो देखावा आठवला की मला आजही हसू येतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सलत होती. जागा सासूकडून आईला आली, मग आईकडून कोणाला? सून नाही. मुलगी एकच, आणि ती वापीला पांढरा कोट घालून नळ्या हलवते. आई कधी काही बोलली नाही. पण दर बाजाराला मला वाटायचं की आज विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. नोकरी आहे, वय झालं, मला भाव करता येत नाही. मी ते येता-जाता मनात घोकायचे आणि ती न बोलता उतरली की सुटकेचा श्वास सोडायचे.

मग तिचा दुसरा गुडघाही गेला आणि पुन्हा बाजार चुकायला लागले. बाजाराचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. जो बसून भवानी करील, म्हणजे दिवसाची पहिली विक्री करील, त्याची त्या दिवशी जागा. दुसऱ्याला द्यायची झाली तरी भवानी केल्यावरच देता येते. घरी बसून निरोपानं दिलेली जागा कोणी मानत नाही. भाजीवाली आपली एक रिकामी टोपली चिंचेखाली ठेवून आईची जागा धरून होती. पण रिकामी टोपली किती दिवस बसणार?

गणपती होऊन गेल्यावर भाजीवालीचा फोन आला. तिच्या मुलाच्या फोनवरून, स्पीकरवर.

"मावशे, तो कपडेवाला बांबू घेऊन आलता मागच्या बाजारी. मंडप ठोकतो म्हनं. ह्या टायमाला नाय आलीस तं माझ्यानं नाय राखवायची."

आई फक्त म्हणाली, "येते."

डॉक्टरांनी उठूबसू नका म्हणून बजावलं होतं. मी ओरडले. गेली जागा तर गेली, आता काय त्या सुकटीवर आपलं घर चालतं? ती ऐकून घेत राहिली आणि टोपल्या भरत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. मी पहाटे गाडी काढली ती दात-ओठ खात.

नेमकी त्याच दिवशी वाट वळवलेली. पुढे कुठेतरी रेल्वेचं काम, डंपरांनी कच्चा रस्ता फोडून टाकलेला, त्यावर रात्रीची सर. चढावर विटांचा एक टेम्पो आडवा रुतून बसला होता. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबलेल्या. एक जण येऊन म्हणाला, ताई, परत फिरा, जेसीबी आल्याशिवाय काही नाही.

मी आरशातून मागे पाहिलं. आईचा चेहरा मी इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. वडील वादळात समुद्रावर अडकले होते तेव्हाही नाही.

"बाय," ती म्हणाली, "चारी चाकांना जोर हाय म्हनतीस ना?"

टेम्पोच्या डाव्या हाताला शेताच्या बांधाला लागून एक गाडीभर पट्टा मोकळा होता, निम्मा मुरूम, निम्मा चिखल. मी खाली उतरून पायानं चाचपून पाहिलं, आणि माझ्या चांगल्या चपला तिथेच वाया गेल्या. मग दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, गाडी घातली. मागची चाकं सरकली, पुढच्यांनी ओढलं; पुढची घसरली, मागच्यांनी ढकललं. खाली दगड लागला आणि काहीतरी फाटल्याचा आवाज आला. आईनं एका हातानं बोंबील आणि दुसऱ्या हातानं माझी सीट धरली होती. वर आलो तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. पोटाखालचं फाटलेलं प्लास्टिक तलासरीपर्यंत रस्त्यावर खरडत आलं.

कपडेवाला दोन बांबू पुरून तिसरा हातात घेऊन उभा होता. आई माझ्या खांद्याला धरून चिंचेपर्यंत गेली आणि रिकामी टोपली बाजूला सारून बसली. बसताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो आठवला की मला अजून डोळे मिटावेसे वाटतात. कपडेवाला म्हणाला, "माँजी, मैं तो समझा आप अब नहीं आएँगी."

"आले ना," आई म्हणाली.

पाड्यावरची एक ओळखीची बाई आली, जवळा घेऊन गेली. आईनं आलेली नोट कपाळाला लावली. भवानी झाली. मी मनात म्हटलं, चला, आता दिवसभर इथे मरा.

तेवढ्यात आईनं भाजीवालीला हाक मारली. "इकडं ये. बस."

"कुठं?"

"हितं. माझ्या जागी."

ती बाई उठेचना. आईनं तिचा हात धरून ओढलं, स्वतः सरकत सरकत उन्हात गेली आणि तिला सावलीत बसवलं. तिच्या काकड्या, दोडकी, सगळं स्वतःच्या हातानं चिंचेखाली ओढलं. आजूबाजूचे सगळे पाहत होते. मग कपडेवाल्याकडे बघून म्हणाली, "ही आता हिची. भवानी करून दिलीय." त्यानं पुरलेले बांबू मुकाट्यानं उपटायला घेतले. भाजीवाली पदर तोंडात धरून रडत होती आणि आई तिला दटावत होती, की गिऱ्हाईक उभं आहे, रडतेस काय.

म्हणजे ती जागा राखायला आलीच नव्हती. कोणीतरी हिसकावून न्यायच्या आधी, आपल्या मनानं द्यायला आली होती. उरलेला माल आम्ही तिथल्याच एका ओळखीच्या बाईकडे सोपवला आणि निघालो.

परतीच्या वाटेवर या वेळी रिकाम्या टोपल्याही नव्हत्या, पुढची सीट मोकळी होती, म्हणून आई पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसली. वर्षानुवर्षं जो प्रश्न येऊ नये म्हणून मी धास्तावले होते, तो आता कधीच येणार नव्हता. मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरातलं काहीतरी मला न दाखवताच देऊन टाकल्यासारखं वाईट वाटत होतं. शेवटी राहवेना.

"मला एकदा विचारायचं तरी होतंस."

आई खिडकीतून बाहेर पाहत होती. "तुला काय इचारायचं? तू नाय म्हटलं असतंस."

"हो. पण विचारायचं तरी."

"आन् मग जलमभर तुला लागून राहिलं असतं, की आईला नाय म्हटलं." तिनं पट्टा जरा सैल केला. "म्हनून नाय इचारलं."

रस्ता पुढे अगदी सरळ आणि मोकळा होता, पण मला नीट दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आईनं मला उगी म्हटलं नाही. माझं होईपर्यंत ती पाठीवरून हात फिरवत शेजारी बसून राहिली.