लेकीचे केस आणि माझे रविवार

माझ्या लेकीचे केस म्हणजे केस नव्हेतच, असं अक्कांचं ठाम मत होतं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्याच्या आमच्या भाड्याच्या घराच्या ओट्यावर बसून त्या नातीच्या डोक्याकडे बघायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "व माय, हाई पोरनं डोकं शे का कडबानी पेंढी?" पोरगी खिदळायची. मला मात्र झोंबायचं, कारण केस माझ्यावर गेले होते. जाड, राठ, कितीही तेल चोपडा, पिऊन पुन्हा कोरडे. धुळ्याचा तो धुळीचा वारा सुटला की रिबिनीतून निसटून चहूकडे. माझे मी जन्मभर अंबाड्यात कोंबत आले होते. तिचे कोंबायला मी घरी नव्हते.

मी शिक्षिका. जिल्हा परिषदेची नोकरी, आणि शाळा पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला एका पाड्यावर. पिंपळनेरात मी खोली घेऊन राहायचे. हे धुळ्यात, पाटबंधारे खात्यात कारकून. लेकीला एकदा पावसाळ्यात माझ्याकडे नेली होती, तर हिवतापानं अशी फणफणली की अक्का स्वतः एसटीनं आल्या आणि तिला उचलून घेऊन गेल्या. "तुनी नोकरी तू कर, पोर मन्हाकडे ऱ्हाई," म्हणाल्या. मी काय बोलणार? ती तेव्हा दुसरीत होती. नवरा-बायकोला एका जागी आणायचा नियम होता म्हणे. मी दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी साहेब "बघू" म्हणायचे, आणि बघता बघता पोरगी सहावीत गेली.

म्हणजे मला मिळायचा तो रविवार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मिळेल त्या जीपनं पिंपळनेर, तिथून साक्रीवरून धुळ्याची बस. बसायला जागा मिळाली तर नशीब. पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची आणि माझ्या अंगात कण नसायचा. सोमवारी पहाटेची पहिली गाडी. मधला जो दिवस, त्यातला निम्मा स्वयंपाक-धुण्यात जायचा आणि उरलेला लेकीच्या डोक्यात.

त्या डोक्याचं काम काही साधं नव्हतं. पाड्यावरच्या बाया आठवडी बाजारात शिकेकाई आणि रिठे विकायला बसायच्या. मी पिशवी भरून घ्यायचे. कधी आवळकाठी, कधी नागरमोथा. शनिवारी आल्या आल्या पायावर पाणी घ्यायच्या आधी ते सगळं लोखंडी कढईत भिजत घालायचं. सकाळी स्टोव्हवर उकळायचं, हातानं कुस्करायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. एकीकडे माका घालून उकळलेलं खोबरेल कोमट करायचं. मग पोरीला पाटावर बसवून आधी बोटांनी केस मोकळे, मग रुंद दात्यांचा लाकडी कंगवा, मग बारीक फणी. गुंतवळ निघायचं ते मूठ मूठ. त्यावर तेल, त्यावर शिकेकाई, आणि नळ एक दिवसाआड येणार म्हणून मोजूनमापून पाणी. शेवटी गच्चीवर वाळवणं. तिचे केस वाळायला गोधडीइतका वेळ घ्यायचे. तेवढ्यात ऊन कललेलं असायचं आणि माझी पाठ मोडलेली असायची.

या सगळ्यात माझं स्वतःचं डोकं कधी धुवायचे, विचारू नका. बुधवारी-बिधवारी पिंपळनेरच्या खोलीत, अंगाच्याच साबणानं.

पोरगी रडायची. आठवडाभराचा गुंता एका सकाळी सोडवायचा म्हटल्यावर रडणारच. "आई, हळू ना," म्हणायची. मी म्हणायचे, "बाई, हळू केलं तर सोमवार उजाडेल." आणि खरंच उजाडायचा. मी काही कसाई नव्हते. पण कढई उतू जातेय, अक्कांना भाकर हवीय, नळ जाणार आहे, आणि उद्याची बस डोळ्यापुढे दिसतेय, अशा वेळी हात हळू चालत नाही. ज्यांचा चालतो त्यांना माझा नमस्कार.

तरीही सांगते, आठवडाभराची आई मी त्या पाटामागेच व्हायचे. एरवी ती शाळेतल्या गोष्टी सांगायला अक्कांकडे जायची, दप्तर भरायला भाऊंकडे. आमच्याकडे बापाला भाऊ म्हणतात. मला सांगण्यासारखं तिच्याकडे फारसं काही उरलेलंच नसायचं. पण पाटावर बसली की कुठे पळणार? गुंता निघेपर्यंत ती माझी असायची. मैत्रिणीशी कट्टी झाली, दात हलतोय, बाईंनी वाचायला उभं केलं, हे सगळं मला हुंदक्यांच्या मधेमधे कळायचं. माझी सगळी कमाई तीच. म्हणून त्या केसांना कात्री लावायची भाषा कुणी काढली की माझं डोकंच फिरायचं.

आणि भाषा तर रोजच निघायची. सोमवार ते शनिवार डोकं यांच्या ताब्यात. यांना वेणी घालता येईना. पहिल्या आठवड्यात रबरानं बांधून शाळेत पाठवली, तर बाईंनी निरोप धाडला की दोन वेण्या वर दुमडून, लाल रिबिनी लावून पाठवा, नाहीतर बॉयकट करा. हे शेतकऱ्याच्या घरातले, दोर वळायला येतात, म्हणून दोरासारख्याच वेण्या वळल्या. मी शनिवारी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ही पोरगी आहे, गोऱ्हा नाही!" हे आपले ओशाळून हसले. गरीब माणूस, माझ्या तोंडाला तोंड कधी दिलं नाही.

अक्कांनी संधी साधलीच. "बठ्ठा केस कापी टाका व बाई, परत वाढतीन. पोरले बी सुख, तुले बी सुख." मी पदर खोचूनच उभी राहिले. म्हटलं, "अक्का, या केसांना कात्री लागली तर मी सोमवारच्या गाडीत बसणार नाही. मग बसा सगळे माझ्या पगाराशिवाय." असं सासूला बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. अक्का उठून आत गेल्या, हे अंगणात गेले. पोरगी माझ्याकडे मोठे डोळे करून बघत राहिली. कात्रीचा विषय त्यानंतर माझ्यासमोर तरी कुणी काढला नाही.

मनातलं मी कुणाला सांगितलं नाही. केस कापले तर मला त्या घरात रविवारी काम काय उरणार होतं? भाकरी अक्का माझ्यापेक्षा चांगल्या करायच्या. अभ्यास हे घ्यायचे. पाव्हणी म्हणून यायचं, चहा प्यायचा आणि जायचं? ते मला मरणाहून वाईट वाटायचं.

आणि गंमत बघा, ती चौथीत गेली तेव्हापासून केस वळणावर यायला लागले. म्हणजे जाड होते ते जाडच, राठ होते ते राठच, पण गुंता कमी. पूर्वी जिथे कंगवा रुतून बसायचा तिथे तो सरळ उतरायचा. पोरगी रडायचीही थांबली. माझा काय आनंद! म्हटलं, कष्टाचं चीज झालं एकदाचं. शिकेकाई मानवली, माका मानवला. बसमध्ये शिकेकाईची पिशवी बघून बाया विचारायच्या तर मी ऐटीत कृती सांगायचे. तेल कोमटच हवं हो, गार तेल मुरत नाही. रिठा जास्त नको, राठ केस आणखी राठ होतात. डोकं उलटं करून धुऊ नका. साक्री येईपर्यंत माझं व्याख्यान चालायचं. साक्रीनंतर मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपायचे, आणि तेवढी एकच झोप मला त्या वर्षांत समाधानाची लागायची.

बदली झाली ती अशीच, ध्यानीमनी नसताना. धुळ्याजवळच्याच एका गावात शाळा मिळाली, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पिंपळनेरची खोली रिकामी केली, स्टोव्ह, बादली, गादीची वळकटी एसटीच्या टपावर टाकली आणि आले. रडले नाही की हसले नाही. इतकी दमले होते की उन्हाळ्याच्या सुटीतला अर्धा महिना नुसती झोपून काढला. त्या सुटीत लेक मामाकडे पहूरला गेलेली होती. आली ती शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी, केस विंचरूनच.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. वाटलं, आजपासून रोज. घाई नाही, गुंता साठणार नाही. दररोज थोडं थोडं, गप्पा मारत मारत. तेल कोमट केलं, मधल्या खोलीत पाट मांडला आणि कंगवा घेऊन बसले. लेक आंघोळ करून आली, हातात रिबिनी. माझ्या पुढून गेली, मागच्या दाराच्या पायरीवर हे बसले होते त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली.

यांनी तिचे केस हातात घेतले. केसांची एक बट घ्यायची, मुळाशी मूठ आवळून धरायची, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही, आणि खालच्या टोकापासून कंगवा फिरवायचा. एक झाली की दुसरी. ती खुशाल पुस्तक उघडून वाचत होती. दोर वळणारा तो माणूस कुठे गेला होता देव जाणे.

मी हाक मारली, "अगं, आता मी आहे ना घरी. ये इकडे."

तिनं वळून बघितलं. अगदी सरळपणानं म्हणाली, "आई, तू रविवारी कर ना."

मी हसले. म्हटलं, "रविवारीच का? आता रोजच करीन की."

"जा, जा, आई करते," हे घाईघाईनं म्हणाले.

ती उठली, पण उठता उठता म्हणाली, "भाऊ शनिवारी दुपारीच सगळा गुंता काढून ठेवायचे. तू आलीस की मला रडायला नको म्हणून."

"गप ना बाई," हे म्हणाले.

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. इतकी वर्षं मी त्या बसमध्ये उभी राहून अंग मोडून घेत होते, आणि इकडे माझ्यापासून पोरीला वाचवायची तयारी चालली होती! मी यांना विचारलं, "मला का नाही सांगितलं?" हे खाली बघत कंगव्यातले केस काढत राहिले. मग म्हणाले, "तू इतकी दमून यायचीस. केस पटकन सुटले की तुझा चेहरा फुलायचा. कसं सांगणार?"

यावर कुणी भांडायचं तरी कसं? मला भांडायचं होतं, खूप भांडायचं होतं.

लेक येऊन पाटावर बसली. शहाणी पोर, तिला कळलं होतं काहीतरी. मी तिचे केस मोकळे केले. त्यांत गुंता नव्हता, यांनी निम्मे तर विंचरून झाले होते. तेलाची वाटी जवळ ओढली, कंगवा उचलला. अजून लावलाही नव्हता, तर तिचे खांदे कानापर्यंत वर गेले. मांडीवरच्या दोन्ही मुठी आवळल्या. पुस्तक तिनं मिटून ठेवलं होतं.

माझा हात तसाच वर राहिला.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "अजून नाही."