भिंतीपलीकडची पिचकारी

सलीमभाई गेले त्या दिवशीही मी त्यांच्या झाडावर जळत होते.

आज वर्ष झालं, म्हणून खरं काय ते लिहून टाकते.

जनाज्याला आलेली माणसं अंगणात उभी होती. वर झाड लालभडक फुललेलं. जो तो मान वर करून बघत होता.
आणि मी आत त्यांच्या बायकोचा, भाभींचा, हात धरून बसलेली, खिडकीतून बघत मनात म्हणत होते, आजच्या दिवशी तरी या झाडानं गप्प बसायचं ना!

झाड पिचकारीचं. आफ्रिकन ट्युलिप म्हणतात ते. कळी दाबली की पाणी उडतं.

इंदिरानगरला आमची दोन रो-हाउसं, मध्ये एकच भिंत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या नोकरीतून रिटायर झाल्यावर सलीमभाईंनी नर्सरीतून दोन रोपं आणली. एक त्यांना, एक आम्हाला. सेम उंचीची.

त्यांचं चौथ्या वर्षी फुललं.
माझं नुसतंच वाढलं.

शेणखत मी जास्त घातलं. पाणीही मीच जास्त घातलं. तरी लोक सेल्फी काढायला त्यांच्या गेटवर!
माझी स्वतःची लेक, तेव्हा तिसरीत होती, भिंतीवर चढून, "काका, अजून कळ्या द्या ना!"
इतका राग यायचा.

दर दिवाळीला मी माळी बोलावून झाडाचे शेंडे छाटून घ्यायचे. अंगण कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे.
पलीकडून सलीमभाई ओरडायचे, "वहिनी, शेंडे नका हो छाटू! कळी तिथंच येते. क्यूँ बेचारे को टकला करते हो?"
आले मोठे शहाणे, असं म्हणून मी मुद्दाम आणखी दोन फांद्या उतरवायला लावायचे.

बारा वर्षं हेच.

मागच्या दिवाळीत माळी आला. म्हटलं, राहू दे या वर्षी. पलीकडून ओरडायला कुणी नव्हतं, छाटायची मजाच गेली.

काल सकाळी माझं झाड फुललं. अगदी शेंड्यावर.
मी अनवाणी भिंतीशी धावले आणि "सलीमभाई, बघा!" म्हणूनही बसले.

भाभी कपडे वाळत घालत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "ते तर तुमच्यावर जळायचे, वहिनी. रोज म्हणायचे, त्यांचं खोड बघ केवढं भरलंय. आपलं काडीच राहिलं."

सलीमभाई, हे आधी सांगितलं असतंत तर मी शेंडे ठेवले असते हो.

शांत झोपा आता. तुमच्या शेजारणीचा मनापासून निरोप.