एका लॉटच्या दोन पट्ट्या

संस्कृती बाळा, मी बोलते तसंच लिही. शाळंतली भाषा नगं करू त्याची. आपल्या शेजारच्या नाजनीनबद्दल सांगायचंय मला.

नाजनीन म्हंजी जमीलाची पोरगी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. जमीला शिलाई करती, नाजनीन काम्पुटर दुरुस्त करती. ल्हान हुती तवा मी चादरीच्या कारखान्यातनं आले की माझ्याजवळ यून बसायची. एकदा तिनं आपला रेडिओ खोलला. परत जोडला तर एक स्क्रू उरला, आन रेडिओ आधीपरीस बरा वाजाय लागला. तो स्क्रू अजून माझ्या डब्यात हाय.

तर तिला पयल्यांदाच एकटीला मोठं काम मिळालं, डोळ्याच्या दवाखान्याचं. तितल्या डॉक्टर वैजयंतीबाई म्हणाल्या, शुक्रवारी शिबिर हाय, पार वळसंगपासनं माणसं येणार, समद्यांचे कागद एका मशीनवर पायजेत. त्या मशीनला सर्वर म्हणत्यात. बाकीचे काम्पुटर त्यालाच इचारत्यात, ह्या बाईचा कागद दे, त्या बाबाचा दे. गुरवारी सांजच्यापतोर चालू झालं न्हाय तर पुण्याचा माणूस बोलवीन, असं बाईंनी सांगून ठिवलं. पुण्याचा माणूस आला म्हंजी नाजनीनला परत कोण इचारणार? आधीच तितला अभिमन्यू कारकून म्हणला हुता म्हणं, पोरीला टीव्ही बगाय सांगा, सर्वर नगं.

मंगळवारी तिनं मशीन घरी आणलं. आवाज असा की मला माझा कारखाना आठवला. त्याच्यात आधी कारभारी बसवाय लागतो. ती त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणती, मी कारभारी म्हणते. कारभारी बसला की मशीन सांगल ते ऐकतं. तर हा कारभारी काय बसंना. अर्ध्यात आला की पडदा निळा, मशीन बंद. कवा तीस टक्क्यावर पडायचा, कवा सत्तरवर. ज्या पेन ड्राइव्हवरनं ती घालत हुती त्योच खराब म्हणून तिनं दुसरा केला, तिसरा केला. तरी तेच.

मग पडद्यावर कायतरी इंग्रजी आलं. ती म्हणली मेमरीचा घोळ हाय, म्हंजी आठवणीचा. मी म्हणलं, मशीनबी इसरतं व्हय, मग माझ्यात आन त्याच्यात फरक काय? तवा कुटं जरा हसली. तिनं मला मेमरी काढून दाखवली. हिरवी पट्टी, इतभर लांब, दोन बोटं रुंद. काम करताना मशीन जे हातात धरतं ते हिच्यावर धरतं. पट्टी धड नसली की हातातलं सुटतं, आन कारभारी मधीच आपटतो.

मशीनमधी अशा दोन पट्ट्या. बुधवारी तिनं एक काढून दुसरी तपासली. तासन्‌तास तपासणी चालली, पट्टी चांगली. मग पयली तपासली, तीबी चांगली. खाचा बदलून बघितल्या, खाचाबी चांगल्या. दोन्ही घातल्या की झालं, कारभारी खाली. जमीला म्हणाय लागली, दिऊन टाक परत, कशाला जिवाला घोर. पोरीनं परत पेचकस उचलला.

गुरवारी दुपारी मी कडक भाकरी आन शेंगाची चटणी घिऊन गेले.

"आजी, एकेकटी दोघी चांगल्या," ती म्हणली. "एकत्र घातल्या की भांडत्यात. काय करू मी?"

मला मशीनचं काय कळतंय? पण तोंडातनं निघालं, "एकाच लॉटच्या हायत का गं दोघी?"

"लॉट?"

मग तिला माझी गोष्ट सांगितली. कारखान्यात सुताच्या पेटीवर लॉटचा नंबर असायचा, एका वक्ताला निघालेलं सूत म्हंजी एक लॉट. मला वाचता येत न्हाय, पण आकडा आकारावरनं वळखायचे. एकदा मागाच्या कांड्यांवर सूत भरताना ते कमी पडलं, म्या बाजूच्या पेटीतलं घितलं. जाडीला तेवढंच, वडून बघितलं तर तेवढंच पक्कं. चादरी रंगात बुडवल्या आन पट्टा पडला, निम्मी गडद, निम्मी फिकट. मुकादमानं दोन्ही सूत तपासलं, दोन्ही चांगलं. त्याचं डोकं चालंना. मग मीच जाऊन सांगितलं, म्या मिसळलं. मला वाटलं आता घरी बसवतोय. पर त्यानं पेट्या लावायचं काम माझ्याकडंच दिलं. म्हणला, हिला आता जन्मात लॉट चुकायचा न्हाय.

नाजनीननं भाकरीचा तुकडा खाली ठिवला. मग उठली, चटणीचा हात साबणानं धुतला, पुसला, आन दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्यावरची बारीक अक्षरं उजेडाला धरून वाचाय लागली.

"एक मशीनची हाय," ती म्हणली. "दुसरी माझ्या डब्यातली. मशीन जोरात चालंल म्हणून मी घातली. हिची चाल येगळी, तिची येगळी. आजी, मीच मिसळली की."

तशीच ओढणी घिऊन हारूनमामाच्या काम्पुटरच्या दुकानात गेली, एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या आणल्या. आधी तपासणी लावली, मग कारभारी. तीस टक्के गेलं. सत्तरला आलं तवा जमीलानं शिलाई थांबवली. आन शंभर झालं.

मशीन रिक्षात घालायच्या आधी तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी खुणंनं म्हणलं, चाललंय की आता, कशाला सांगतीस. तिनं फोनवर हात ठिवला.

"तुमी मुकादमाला सांगितलंच की, आजी."

तिनं समदं सांगितलं, चूक माझी हुती म्हणून. बाई तिकडनं म्हणल्या, बरं, आता चालतंय ना, मग घिऊन ये. एवढंच. पुण्याचं नाव निघालं न्हाय.

शुक्रवारी मीबी गेले शिबिराला, मोतीबिंदू दाखवाय. डोळ्यात औषध घातलेलं, समोरचं धड दिसंना. नाजनीन मशीनपाशी हुबी. अभिमन्यूनं माझं नाव इचारलं, खटखट केलं, आन म्हणला, "केराबाई, मागं दिवाळीत यून गेलाव की तुमी. हे बगा, तुमचा कागद हितं हाय."

मी म्हणलं, "टीव्हीत दिसलं व्हय रं?"

त्यानं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं माझ्यासाठी, मी बसाय गेले, तर नाजनीन आधीच बसली हुती.